गच्चीवरचा रेडिओमीटर: कोल्हापुरातून आपल्याच ग्रहाच्या हवेचं मायक्रोवेव्ह उत्सर्जन कसं मोजायचं

जी वस्तू एखादी लहर शोषते, ती त्याच लहरीवर आपल्या तापमानाच्या हिशेबाने ऊर्जा सोडतेही. हवेतला ऑक्सिजन, पाण्याची वाफ आणि ढगांतले थेंब मायक्रोवेव्ह थोडे थोडे शोषतात, त्यामुळे निरभ्र रात्रीसुद्धा आकाश मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण काळं नसतं. ११ गिगाहर्ट्झला, म्हणजे २.७ सेंटिमीटर तरंगलांबीला, हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री डोक्यावरच्या सगळ्या हवेचा वाटा मिळून जेमतेम ४ ते ५ केल्व्हिन भरतो (इथे शक्ती ही तेवढीच शक्ती सोडणाऱ्या काळ्या वस्तूच्या तापमानात सांगतात).

हा आकडा नीट लक्षात ठेवा. यंत्राचा, म्हणजे या लहरींची शक्ती मोजणाऱ्या रेडिओमीटरचा, स्वतःचा गोंगाट ७०-८० केल्व्हिनचा असतो. गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी आणि शेजारची भिंत तर जवळजवळ ३०० केल्व्हिनच्या तेजाने चमकत असतात. म्हणजे मीटरवर जे दिसतं त्यातलं बहुतेक सगळं तुमचं आणि तुमच्या गच्चीचं असतं, हवेचं फारच थोडं. यंत्र जोडायला एक रविवार पुरतो. हवेचा वाटा बाकीच्यापासून सोडवून घ्यायला खरी मेहनत लागते, आणि पुढचं बहुतेक लिखाण त्याबद्दलच आहे.

सामान

डीटीएचच्या दुकानात मिळणारा साधा केयू-बँड युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोर बसणारा, लहरी पकडून वाढवणारा आणि कमी फ्रिक्वेन्सीवर उतरवणारा डबा) घ्या. लेबलवर ९.७५ आणि १०.६ असे दोन आकडे हवेत. त्या आतल्या लोकल ऑसिलेटरच्या, गिगाहर्ट्झमधल्या, फ्रिक्वेन्सी आहेत; येणाऱ्या फ्रिक्वेन्सीतून तेवढी वजा होते. २२ किलोहर्ट्झचा टोन दिला नाही तर एलएनबी ९.७५ वरच राहतो आणि १०.७ ते ११.७ गिगाहर्ट्झचा पट्टा ९५० ते १९५० मेगाहर्ट्झवर उतरवून केबलमध्ये सोडतो. एकाच आकड्याचे एलएनबीही चालतात, पण मग खालचे आकडे तुमचे तुम्हीच बदलून घ्या. लेबलवर '०.१ डेसिबल नॉइज' छापलेलं असेल तर मनावर घेऊ नका (डेसिबल हे शक्तीच्या गुणोत्तराचं माप, ३ डेसिबल म्हणजे दुप्पट). तसं खरंच असतं तर गोंगाट ७ केल्व्हिन भरला असता.

वीजपुरवठ्यासाठी यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी उत्तम. एलएनबी साधारण १०० ते २०० मिलिअँपिअर ओढतो, त्यामुळे रात्रभराची चिंता नाही, आणि लाइट गेली तरी मोजणी थांबत नाही. १३ व्होल्टच्या आसपास एलएनबी उभं ध्रुवण (लहरीची कंपनदिशा) घेतो, १८ व्होल्टला आडवं. बॅटरीवर तो उभ्यावरच राहतो आणि तेच बरं. स्वस्त स्विचिंग सप्लाय लावलात तर त्याचा कचरा केबलमधून थेट मोजणीत उतरेल.

सिग्नल घ्यायला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लागणारा यूएसबी रेडिओ रिसीव्हर. त्याच्या आणि एलएनबीच्या मध्ये पॉवर इन्सर्टर लागतो, म्हणजे बॅटरीचे १२ व्होल्ट वर एलएनबीकडे जातील पण खाली डोंगलमध्ये येणार नाहीत. डोंगलच्या तोंडाशी डीसी ब्लॉक (बॅटरीची वीज अडवणारा तुकडा) लावून मल्टिमीटरने शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय डोंगल जोडू नका. इथे चूक झाली तर डोंगल गेलाच. काही डोंगलमध्ये स्वतःचा बायस-टी (केबलमधून वीज वर पाठवणारी सोय) असतो, पण तो साडेचार-पाच व्होल्ट देतो. एलएनबीला तेवढे पुरत नाहीत.

केबल आरजी-६, तीन ते पाच मीटर. एक गिगाहर्ट्झच्या आसपास ती मीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल खाते, पण एलएनबी आधीच ५०-६० डेसिबल वाढवून देत असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. महागड्या केबलवर पैसे घालू नका. ते एफ-कनेक्टर नीट क्रिंप करून घेण्यावर खर्च करा. कारण पुढे येईल.

डिश नको, शिंग करा

घरात जुनी ६० सेंटिमीटरची डिश पडलेली असते आणि तीच वापरायचा मोह होतो. तिचा झोत तीन अंशांचा, दिसायला छान. पण डिश वर आकाशाकडे वळवली की एलएनबीचं तोंड खाली होतं, आणि डिशच्या कडेबाहेरून त्याला गच्ची दिसते. ही गळती थोडी असली तरी ३०० केल्व्हिनच्या फरशीची आहे, आणि डिशचा कोन बदलला की तीही बदलते. आपण मोजणार आहोत नेमका कोनाप्रमाणे होणारा बदल. एकसारखी गळती हिशेबात काढून टाकता येते, कोनासोबत हलणारी येत नाही. सूर्य पकडायचा असेल तर डिश घ्या. हवेसाठी शंकूच्या आकाराचं शिंग घ्या.

शिंगाचा आराखडा सोपा आहे. जस्ताच्या (जीआय) किंवा अॅल्युमिनियमच्या २४-२६ गेज पत्र्यावर एका कोपऱ्यातून ३२० मिलिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढा. त्याच कोपऱ्यातून १२० मिलिमीटरचा दुसरा. मधला पट्टा कापा आणि एका सरळ कडेला जोडासाठी १० मिलिमीटर जास्त ठेवा. हा पट्टा वळवला की मोठं तोंड १६० मिलिमीटर, लहान तोंड ६० मिलिमीटर आणि उंची सुमारे १९४ मिलिमीटर असा शंकू तयार होतो. कंस बरोबर ९० अंशांचा ठेवला की ही मापं आपोआप जुळतात. ११ गिगाहर्ट्झला याचा झोत १० ते १२ अंश आणि गेन (नजर एका दिशेला एकवटण्याचं प्रमाण) बावीस डेसिबलच्या आसपास येतो.

कापण्याआधी तुमच्या एलएनबीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. ६० ऐवजी ५६ आला तर आतली त्रिज्या ११२ करा (व्यासाच्या दुप्पट), बाकी काही बदलत नाही. जीआय पत्रा शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही पत्रेकामवाल्याकडून वळवून, जोड आतून सपाट झाळून घ्या. अॅल्युमिनियम असा झाळता येत नाही, त्याला दुमड आणि रिव्हेट. आतल्या बाजूला एक मिलिमीटरपर्यंतचे पोचे चालतात. जोडात फट राहिलेली मात्र चालत नाही. शंकू एलएनबीवर बसवल्यावर सांधा अॅल्युमिनियम टेपने दोन वेढे देऊन बंद करा. एलएनबीचं प्लॅस्टिकचं टोपण काढू नका, आतला ओलावा तेच अडवतं.

शिंगाच्या तोंडावर १० मिलिमीटर थर्माकोल आणि त्यावर पातळ पॉलिथिन ताणून लावा. दोन्ही या लहरींना जवळजवळ पारदर्शक आहेत. उघडं ठेवलं तर आठवड्याभरात आत कोळी किंवा कुंभारीण माशी घर करते.

जमिनीचा डोळा बंद करणं

शिंगालाही बाजूला आणि मागे थोडं दिसतंच. त्यासाठी खाली आणि पुढे धातूची ढाल लावा, म्हणजे शिंगाची तिरकी नजर फरशीवर पडण्याऐवजी परावर्तित होऊन आकाशात जाईल. मीटरभर लांब-रुंद दोन-तीन फ्रेम, बाहेरच्या बाजूला ४५ अंश कललेल्या. पत्रा जड वाटला तर धातूची मच्छरजाळी चालेल. तिची भोकं २.७ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षा, लहान असतात. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी फार मोकळी पडते. आणि नायलॉनची मच्छरजाळी बाहेरून तशीच दिसली तरी मायक्रोवेव्हसाठी ती अस्तित्वातच नाही.

ढाल काम करते का, हे बघायला शिंग ३० अंशांवर ठेवून एक वाचन ढालीसकट घ्या, एक ढालीशिवाय. फरक दोन-तीन केल्व्हिनपेक्षा जास्त आला तर जागा बदला. पाण्याच्या टाकीपासून शक्य तितकं दूर, गच्चीच्या मधोमध नाही तर उत्तरेच्या कठड्यापाशी, कठड्याच्या उंचीच्या वर. कोल्हापुरात गुऱ्हाळांचा धूर आणि धूळ यांची काळजी नको, या तरंगलांबीला त्यांचा काही फरक पडत नाही. शेजारच्या नव्या इमारतीचा मात्र पडतो.

तोंड उत्तरेला का

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. भूस्थिर उपग्रहांची माळ इथून दक्षिणेला सुमारे ७० अंश उंचीवरून जाते. ८३ अंश पूर्वेचा उपग्रह ६८ अंशांवर दिसतो. हे उपग्रह आपल्याच पट्ट्यात प्रक्षेपण करतात. दक्षिणेला शिंग खाली आणलं की हवेऐवजी मालिका मोजल्या जातील. म्हणून मोजणी शिरोबिंदूपासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) उत्तरेकडे उतरत करा. शिरोबिंदूवरही ही माळ वीसच अंश लांब असते, त्यामुळे तिथे स्पेक्ट्रममध्ये उंचवटे दिसले तर पहिलं वाचन ९० ऐवजी उत्तरेला ७० अंशांवर घ्या. तिथे शिंगासमोर डोक्यावरच्या हवेच्या १.०६ पट हवा असते.

सूर्यापासून किमान ३० अंश दूर राहा. सूर्याचं बिंब लहान आहे, पण या लहरींवर त्याचं तापमान दहा हजार केल्व्हिनच्या वर असल्याने अकरा अंशांच्या झोतातही तो वीसेक केल्व्हिन भर घालतो. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य कोल्हापुरात शिरोबिंदूच्या उत्तरेला असतो, म्हणजे नेमका आपल्या वाटेत. सरळ रात्रीच मोजा. चंद्राचा परिणाम अर्ध्या केल्व्हिनहून कमी, तरी तो झोतात नसावा.

फ्रिक्वेन्सी आणि गेन

केबलवर ९५० मेगाहर्ट्झच्या आसपास मोबाइल टॉवर बसले आहेत, १८०० च्या वर पुन्हा तेच. कनेक्टर ढिला असेल तर हे सिग्नल आकाशातून नाही, सांध्यातून आत शिरतात. म्हणूनच वर क्रिंपिंगचा आग्रह धरला. डोंगल १४१० ते १४२० मेगाहर्ट्झच्या दरम्यान लावा. १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव असल्याने जमिनीवरून गळून येणारं फार काही तिथे नसतं. आकाशात तो ११.१६-११.१७ गिगाहर्ट्झला पडतो. त्या जागी एखाद्या उपग्रहाचा कॅरिअर (प्रक्षेपणाची लहर) दिसला तर पाच-दहा मेगाहर्ट्झ सरका. खालच्या कक्षेतले उपग्रह झोतातून क्षणभर जातात तेव्हा टोक उठतं. सरासरीऐवजी दर सेकंदाच्या वाचनांचा मध्यक घेतला की ते गळून पडतं.

डोंगलचा ऑटो गेन बंद करा (इथे गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण). गरम लोड (माहीत तापमानाचा काळा फोम, पुढे येतो) समोर असताना कच्च्या नमुन्यांचा आरएमएस (चढउतारांची सरासरी उंची) १५ ते २० एककं येईल एवढा गेन ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. आठ बिटांच्या डोंगलमध्ये याहून जास्त ठेवलात तर टोकं कापली जातात, कमी ठेवलात तर आकाशाच्या वेळी फक्त पायऱ्या उरतात. सरळपणा तपासायला केबलमध्ये ३ डेसिबलचा अॅटेन्युएटर (सिग्नल घटवणारा तुकडा) घाला: गरम आणि थंड दोन्ही वाचनं तेवढ्याच डेसिबलने खाली यायला हवीत. गरम वाचन कमी उतरलं तर पुढे कुठेतरी ओव्हरलोड आहे.

२.४ मेगाहर्ट्झ बँडविड्थ आणि ३० सेकंदांची सरासरी घेतली तर कागदोपत्री अचूकता एका केल्व्हिनच्या शंभराव्या भागापर्यंत जाते. ती हाती येत नाही, कारण गेन सरकत राहतो. ८२ केल्व्हिनच्या एकूण वाचनात गेन अर्धा टक्का हलला तरी ०.४ केल्व्हिन गेले. उपाय कंटाळवाणे पण खात्रीचे: सगळं चालू करून तासभर तापू द्या, एलएनबीला थर्माकोलची पेटी करा, डोंगल वाऱ्यात ठेवू नका, केबलचा लोंबता भाग सैल ठेवा म्हणजे शिंग फिरताना कनेक्टरवर ताण येणार नाही.

गरम लोड

कार्बन भरलेला काळा फोम लागतो. आयसी पॅक करतात तसला चालतो. गुलाबी अँटिस्टॅटिक फोम निरुपयोगी आहे. शिंगाचं तोंड पूर्ण झाकेल असा जाड थर पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा आणि आत मधोमध थर्मामीटरचा प्रोब खुपसा. दोन कसोट्या लावा. आणखी एक थर ठेवल्यावर वाचन बदललं तर फोम पातळ आहे. खोकं सात मिलिमीटर पुढे-मागे केल्यावर वाचन डोललं तर फोम लाटा परत फेकतोय. मग त्याचा पृष्ठभाग कात्रीने टोकदार सुळक्यांसारखा कापा. हाताचा तळवा समोर धरणं ही 'यंत्र जिवंत आहे का' एवढी बघायची खूण आहे, कॅलिब्रेशन नाही.

थंड लोड म्हणून द्रव नायट्रोजन वापरतात. कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो फिरत असतो, त्यामुळे मिळणं अशक्य नाही. इथल्या उंचीवर तो ७७ केल्व्हिनच्या किंचित खालीच उकळतो. पण बंद खोलीत तो प्राणवायू हटवतो, झाकण घट्ट लावलेलं भांडं फुटू शकतं, आणि फोमवर बर्फ धरला की वाचनही बिघडतं. आपल्या कामाला त्याची गरज नाही. आकाशच थंड लोड म्हणून वापरता येतं, तेही आधी त्याचं तापमान माहीत नसताना.

मोजणी

प्लायवूडचा बिजागरी पाट करा. त्यावर शिंग बांधा आणि पाट ९०, ४१.८, ३० आणि १९.५ अंशांवर अडकेल अशी भोकं पाडून खुंट्या बसवा. या कोनांवर शिंगासमोर अनुक्रमे एक पट, दीड पट, दुप्पट आणि तिप्पट हवा येते. कोन मोबाइलच्या लेव्हल अॅपने लावला तरी चालेल, पण आधी तो पाण्याच्या नळीने तपासलेल्या सपाट फरशीवर शून्य करून घ्या. १९.५ अंशांवर एका अंशाची चूक हवेच्या जाडीत पाच टक्क्यांची चूक करते.

क्रम असा: गरम लोड, ९०, ४१.८, ३०, १९.५, मग उलट ३०, ४१.८, ९०, आणि शेवटी पुन्हा गरम लोड. प्रत्येक जागी अर्धा मिनिट. जाताना आणि येतानाच्या वाचनांची सरासरी घेतली की हळू सरकणारा गेन बराचसा कटतो. पहिल्या आणि शेवटच्या गरम वाचनात अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर ती फेरी टाकून द्या. दुरुस्त करत बसू नका.

आता हिशेब. वाचनं डेसिबलमध्ये असतील तर आधी सरळ शक्तीत बदला. समजा गरम लोड ३०० केल्व्हिनवर आहे आणि वाचन ७५० आलं. आकाशाची वाचनं १६४.१, १६८.४, १७२.६ आणि १८१.० आली. एक पटीवरून दुप्पट हवेवर गेल्यावर ८.५ ची वाढ झाली. हाच उतार उलट्या दिशेला, शून्य हवेपर्यंत वाढवा: १६४.१ वजा ८.५ म्हणजे १५५.६. हवाच नसती तर शिंगाला फक्त विश्वाचं पार्श्वप्रारण (महास्फोटानंतर उरलेलं, सगळ्या आकाशातून येणारं प्रारण) दिसलं असतं, २.७३ केल्व्हिन. म्हणजे १५५.६ म्हणजे २.७३ केल्व्हिन आणि ७५० म्हणजे ३०० केल्व्हिन असे दोन पक्के बिंदू हाती आले. ५९४.४ ला २९७.२७ ने भागलं की केल्व्हिनमागे २.० एककं. मग डोक्यावरच्या हवेचं उत्सर्जन ८.५ भागिले २, म्हणजे ४.२५ केल्व्हिन. यंत्राचा गोंगाट, कायमच्या गळतीसकट, ७५ केल्व्हिन.

हवेचं सरासरी उत्सर्जन-तापमान इथे २७५ केल्व्हिन धरा. ४.२५ ला २७२ ने भागलं की शोषण ०.०१५६, म्हणजे सुमारे ०.०७ डेसिबल. १९६५ साली पेंझियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी ४०८० मेगाहर्ट्झवर असंच अँटेना कलवून हवेचा वाटा २.३ केल्व्हिन काढला. तो आणि इतर गळती वजा केल्यावर उरलेले साडेतीन केल्व्हिन कुठून येतात हे त्यांना सुटत नव्हतं. ते विश्वाचं पार्श्वप्रारणच निघालं. आपण तेच उत्तर गृहीत धरून उलट हिशेब करतो.

एक दुरुस्ती सोडू नका. झोत अकरा अंश रुंद असल्याने खालच्या कोनावर त्याचा खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा बराच जास्त हवा बघतो. चार कोनांची खरी जाडी १, १.५, २, ३ अशी न धरता १.०१, १.५२, २.०५ आणि ३.१८ धरा. आलेख याच आकड्यांवर काढा.

आलेखाचा आकारच दोष सांगतो. खरी रेषा खालच्या कोनांकडे अगदी किंचित वाकून मंदावते, कारण जाड हवा स्वतःचंच थोडं शोषते. दुरुस्तीनंतरही रेषा वर वाकली तर जमीन, झाडं किंवा इमारत झोतात आहे, १९.५ चा बिंदू सोडून ३० अंशांपर्यंतच थांबा. जातानाची आणि येतानाची रेषा वेगळी आली तर गेन सरकतोय. सगळी वाचनं एकदम पाच-दहा केल्व्हिन वर बसली तर पॉलिथिनवर दव शोधा. थंडीच्या पहाटे शतांश मिलिमीटरचा पाण्याचा सलग थरसुद्धा वीसेक केल्व्हिन भर घालतो. गरम आणि आकाश यांच्यातला फरक सहा डेसिबलच्या आसपास हवा. तो चारवर आला तर गोंगाट १८५-१९० केल्व्हिनवर गेला आहे: एलएनबीत पाणी शिरलंय, सांधा उघडा आहे किंवा व्होल्टेज पडलंय, याच क्रमाने बघा.

हेच दुसऱ्या ग्रहावर

गच्चीवरून गुरूचा प्रयत्न करू नका. त्याचं पाऊण कलेचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बिंब अकरा अंशांच्या झोतात इतकं विरघळतं की हाती केल्व्हिनच्या हजाराव्या भागाहूनही कमी येतं. पण पद्धत तीच आहे. १९५६ साली मेयर, मॅककलॉ आणि स्लोनेकर या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी ३.१५ सेंटिमीटरवर शुक्राचं तापमान ६०० केल्व्हिनच्या घरात मोजलं. ही उष्णता पृष्ठभागाची की वरच्या आयनांच्या थराची, असा प्रश्न उभा राहिला. १९६२ च्या डिसेंबरात मरिनर २ या यानाने १९ मिलिमीटरवर शुक्राची चकती ओलांडली तेव्हा कडा मध्यापेक्षा अंधाऱ्या निघाल्या. तिरक्या नजरेत जास्त हवा येते आणि तिथे तेज कमी झालं, म्हणजे उष्णता खाली आणि वरची हवा तुलनेने थंड. आपल्या गच्चीवर नेमकं उलट होतं: मागे २.७३ केल्व्हिनचं थंड आकाश आहे, म्हणून तिरकं बघितलं की तेज वाढतं.

जुलै २०१६ मध्ये गुरूभोवती पोहोचलेल्या जूनो यानावर ०.६ ते २२ गिगाहर्ट्झच्या सहा वाहिन्या आहेत. त्यातली १० गिगाहर्ट्झची वाहिनी आपल्या एलएनबीच्या शेजारचीच. यान मिनिटाला दोन फेऱ्या स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे एकच जागा अनेक कोनांतून दिसते. आपला बिजागरी पाट तिथे यानच झालं आहे. कमी फ्रिक्वेन्सी जास्त खोलवरचं सांगते, आणि तिथे शोषणाचं मुख्य काम अमोनिया करतो. आपल्याकडे ते काम ऑक्सिजन आणि वाफ वाटून घेतात.

आकड्याचं काय करायचं

११ गिगाहर्ट्झला ऑक्सिजनचा वाटा अडीच केल्व्हिनच्या आसपास असतो आणि वर्षभर फारसा हलत नाही. त्यावर जे येतं ते वाफ आणि ढगांतलं पाणी. वाफ नेमकी मोजायची तर २२.२३५ गिगाहर्ट्झची रेषा हवी, किंवा १८३.३१ ची, जिच्याभोवती २०११ साली सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्सच्या उपग्रहावरच्या सॅफिर उपकरणाच्या सहा वाहिन्या होत्या. आपल्या एलएनबीने वाफ आणि ढग वेगळे करता येत नाहीत. निरभ्र रात्रींचीच वाचनं वाफेसाठी ठेवा, ढगाळ रात्रींना वेगळा रकाना द्या.

ताडून बघायला पणजी आणि पुण्याहून हवामान खात्याचे हवेचा ओलावा आणि तापमान मोजणारे बलून जातात, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पहाटेचा उपयोगी, कारण सूर्य नसतो. फक्त दव आधी पुसून घ्या. पणजी समुद्रकाठची, कोल्हापूर घाटाच्या वर साडेपाचशे मीटरवर. तेव्हा पणजीच्या बलूनमधला खालचा साडेपाचशे मीटरचा थर वगळून तुलना करा, नाहीतर तुमचं यंत्र उगाच कमी दाखवतंय असं वाटेल. शिंग पन्हाळ्यावर नेऊन उंचीचा फरक मोजायची कल्पना सगळ्यांना सुचते. तिथे मिळणारा फरक अर्ध्या केल्व्हिनच्या आसपास, आणि नेताना-आणताना यंत्र त्याहून जास्त हलतं. कोल्हापुरात जानेवारी आणि जुलै यांतला फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, तो आधी मोजा.

पावसात कलवायची पद्धत मोडते, कारण चारही कोनांवर वेगळा पाऊस असतो. तेव्हा शिंग ३० अंशांवर स्थिर ठेवा, तोंडावर पाणी बसणार नाही असा आडोसा द्या आणि आधीच्या कोरड्या फेरीतला केल्व्हिनमागचा आकडा वापरा. आकाशाचं तापमान ६० केल्व्हिनच्या आसपास गेलं की वाटेत एक डेसिबल शोषण झालं असं समजा. १४० ला तीन डेसिबल. आषाढातल्या मोठ्या सरीला वाचन शंभरच्या पुढे जातं, आणि साधारण त्याच वेळी खाली घरात डीटीएचचं चित्र अडकायला लागतं. नोंदवहीत वेळ, कोन, सरळ शक्ती, लोडचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज आणि पॉलिथिन कोरडं की ओलं, एवढे रकाने पुरतात. शेवटचा सहसा राहून जातो आणि नंतर सगळ्यात जास्त तोच लागतो.